तिसरा तुकडा

पहिल्यांदा आली तेव्हा मी लिहिलं: इसब.
कारण हात काजूच्या फॅक्टरीतले,
बोटांची टोकं काळी, रेषा टरफलाच्या तेलानं जळलेल्या,
आणि वेंगुर्ल्यातला कुठलाही डॉक्टर असे हात बघितले
की पुढचं बघायचं विसरतो.

कुंदा आरोलकर, वय बावन्न.
पाठीला, कमरेला, मांडीच्या आत
कांद्याच्या सालीसारखे पातळ, विटकरी डाग.
खाजतं?
"खाजता. पण रातीचाच."

आधीची नऊ वर्षं तिनं पिशवीत भरून आणली होती.
पिळून चपट्या झालेल्या ट्यूबा,
नायट्याच्या, गजकर्णाच्या, मेडिकलवाल्यानं आपल्या मनानं दिलेल्या,
कुडाळच्या वैद्याची बाटली, तळाशी हिरवा गाळ,
आणि रेडीहून कुणी मंतरून दिलेली राख,
कॅलेंडरच्या फाडलेल्या पानात.
मी त्यांत माझी एक ट्यूब घातली.

पहिला तुकडा: विशेष आढळले नाही.
दुसरा तुकडा: जुनाट दाह, लक्षणांशी ताडून पाहावे.
ताडून बघायचं काम
सूक्ष्मदर्शकाची माणसं नेहमी आमच्यावर सोडतात.

मग एका दुपारी वीज गेली.
मी तिला बंदराकडच्या खिडकीशी उभं केलं,
पाठ उजेडाकडे,
आणि तेव्हा कुठं दिसलं.

तेल लागतं हातांना.
हात, मान, पोटऱ्या, चेहरा,
बिया वाळत घालताना जे जे उघडं पडतं
ते सगळं रापलेलं, पण स्वच्छ.
डाग सगळे साडीच्या आत,
जिथं ना तेल पोचलं, ना ऊन.
काजूच्या तेलाचा गुन्हा असता
तर त्यानं पत्ता चुकवला नसता.

म्हटलं, महिनाभर काही लावू नका.
मलमानं त्याचं तोंड दाबलंय.
बोलू दे त्याला.
"म्हणजे चवतीक मी खाजवतच बसतलंय?"
हो, म्हटलं. बसा.

ती बसली.
एकवीस मोदक वळून, मधेच उठून,
मागच्या दारी, खांबाला पाठ घासत.

तिसरा तुकडा दोन जागांचा घेतला,
पेन्सिलीमागच्या खोडरबराएवढा.
बाटली कोल्हापूरच्या एसटीत, ड्रायव्हरच्या सीटमागे.
आठव्या दिवशी डॉक्टर निलोफर मुल्लाणींचा फोन:
"काठावर उभ्या आहेत हो, ओळीनं."

मला दिसली ती रापण.
पाण्याच्या कडेनं रांग धरून उभी माणसं,
दोर ओढणारी,
आणि तिघंचौघं त्यातून सुटून
थेट पाण्यात शिरलेली, एकमेकांना खेटून.
या पेशी राखणदारांच्या. वेशीवर फिरायच्या.
त्याच घरात शिरल्या,
आणि नऊ वर्षं कुणी हटकलं नाही,
कारण चेहरे ओळखीचे होते.

मुंबईहून जनुकांचा कागद आला:
सगळ्या एकाच पेशीची पिलावळ.
"म्हणजे आमची आरोलकरवाडीच," ती म्हणाली,
आणि हसली. मग
हसू तसंच ठेवून विचारलं,
"कॅन्सरच ना?"

हो.
हळू चालणारा. गाठी नाहीत. रक्त साफ.
त्याच्या नावात अळंबी आहे, पण ती अळंबी नव्हे.
दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी वरवर बघून नाव ठेवलं, तेच राहिलं.
मी तरी वेगळं काय केलं होतं?
हे तिला सांगितलं नाही.

उपचार उजेडाचा.
आठवड्यातून तीनदा, बांबोळीला,
दिव्यांच्या कपाटात, उघड्या अंगानं.
"ऊन घेवक गोव्याक?
हयला ऊन काय खारट आसा?"

जाताना पिशवी टेबलाखालीच राहिली.
विसरली, की ठेवली, कळायला मार्ग नाही.
संध्याकाळी झाडूवालीनं विचारलं, टाकू?
सगळ्यात वरच्या ट्यूबवर
माझ्याच अक्षरात होतं:
दिवसातून दोनदा, हलक्या हातानं.